एका साडीची गोधडी

लहानपणी आजीच्या नाहीतर चुलतीच्या शेजारी बसून ज्यांनी सुया ओवून दिल्या, गोधडीच्या एका कडेला चार वाकडेतिकडे टाके घातले आणि पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, परदेश यांत ज्यांच्या हातून ती सुई सुटली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुन्हा शिवायला घ्यावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. काही पुरुषही भेटतात. मशीन नाही, पसरायला जागा नाही, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारतं, मुलांच्या शाळा, स्वतःची नोकरी, घरचा स्वयंपाक. ही कारणं खरी आहेत. तरी माझं ठाम मत आहे की परदेशातल्या अशा दिवसांत बसवता येईल असं शिवणकाम शोधायचं झालं, तर गोधडीइतकं सोयीचं दुसरं नाही. फावल्या वेळात, हाताशी असेल त्या कापडातून, मधेच टाकून उठता येईल अशा बेतानं करायचं हे काम आहे. आपल्या आज्यांनाही रिकामा दिवस कधी मिळत नव्हता.

मी शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीची. पुणे-नगर रस्त्यावरचं आमचं गाव आज कारखान्यांमुळे ओळखलं जातं, पण हा सगळा कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा पट्टा. रब्बीची काढणी उरकली की पहिला पाऊस पडेपर्यंत शेतात काम कमी असायचं, आणि तोच गोधड्यांचा हंगाम. चैत्र-वैशाखात ऊन कडक असल्यानं कापड धुऊन लगेच वाळायचं, सारवलेलं अंगण कोरडं असायचं आणि दुपारी लिंबाच्या सावलीत चार बाया चार कडांना बसायच्या. कुणी मधेच उठून भाकरी टाकून यायची, तिची जागा दुसरी घ्यायची. संध्याकाळी गोधडी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. हे तुटक तुटक शिवणं हाच तिचा मूळ स्वभाव आहे आणि परदेशातल्या घरात तोच आपल्या उपयोगाला येतो.

म्हणून पहिली गोष्ट, दुकानात जाऊ नका. निदान पहिल्या गोधडीसाठी तरी नको. इंग्लंड-अमेरिकेत क्विल्टिंगची दुकानं फार देखणी असतात. रंगानुसार लावलेले कापडाचे ठोकळे, आधीच कापून ठेवलेले चौकोन, फिरत्या पात्याचं कटर, त्याखाली घालायची चटई, पारदर्शक पट्ट्या. ते सगळं चांगलं आहे आणि ज्यांना भौमितिक नमुने अचूक जुळवायचे आहेत त्यांना लागतंही. पण अनेक वर्षांनी हातात सुई घेणाऱ्या माणसाला त्या सामानाचं ओझंच होतं. पैसे गेलेले असतात, नमुना अवघड निवडलेला असतो, एक कोपरा जुळत नाही आणि पिशवी कपाटात जाते. गोधडीला लागतात त्या वस्तू अशा: जुन्या सुती साड्या, मोठ्या नाकाची सुई, जाडसर सुती दोरा, एक कात्री आणि बोटाला अंगुस्तान. त्यातही कात्री दोरा तोडण्यापुरतीच.

कापडाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गोधडीचं बरंवाईट तिथेच ठरतं. पूर्वी गोधडीत घरातली सुती लुगडी, धोतरं, उपरणी, फेटे जायचे. शंभर धुण्यांनी मऊ झालेलं कापड, जेवढं आटायचं तेवढं आटून गेलेलं, जाईल तेवढा रंग जाऊन उरलेला पक्का. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडंफार आटतंच. एक पदर नवा आणि बाकीचे जुने असतील तर शिवून झाल्यावर नवा आटतो आणि जुना चुण्या पडून वर येतो. नवं घालायचंच असेल तर आधी गरम पाण्यातून काढून वाळवून घ्या.

गेल्या दोन पिढ्यांत घरोघरी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या झिजत नाहीत म्हणून आईच्या कपाटात त्याच जास्त दिसतील. गोधडीला त्या घेऊ नका. एकमेकींवरून घसरतात, टाका धरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि हीटरजवळ गेल्या तर वितळतात. साडी सुती की मिश्र हे हाताला कळत नसेल तर काठाजवळचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि त्याची राख बोटानं चुरगळते. पॉलिएस्टर आकसतं, टोकाला कडक मणी उरतो. टी-शर्टाचं विणीचं कापड ताणलं जातं, तेही वरच्या पदराला नको. जीन्स ठेवा बाजूला, हाताच्या सुईला ती दमवते.

आता या साड्या येणार कुठून? घरून. आणि याबाबतीत उशीर करू नका. गावाकडे नि शहरातही बोहारीण दारावर येते, चार जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देऊन जाते. आई किंवा सासूबाई तिला द्यायला काढतात त्या नेमक्या मऊ, विरत आलेल्या सुती साड्याच असतात, म्हणजे आपल्याला हव्या त्याच. फोनवर स्पष्ट सांगून ठेवा की सुती तेवढ्या बाजूला ठेव, पातेलं मी घेऊन देते. सुती सहावारीचं वजन साधारण अर्धा किलो असतं. विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत तीन-चार साड्या लोणच्या-मसाल्यांच्या बरण्यांभोवती गुंडाळून सहज येतात आणि बरण्याही फुटत नाहीत. गावाकडची जाड शिवलेली गोधडी आणायची तर तीच एकटी तीन किलो भरते. म्हणून कापड आणा, गोधडी इथे शिवा.

गेलेल्या आईची किंवा आजीची साडी असेल तर हात थबकतो, हे मला माहीत आहे. तिला कात्री लावायची कल्पनाच नको वाटते आणि ती वर्षानुवर्षं पिशवीत राहते. तिला कात्री लावायचं कारणच नाही. खाली सांगते त्या रीतीत साडी अख्खीच्या अख्खी राहते. उद्या टाके उसवले तर पुन्हा साडी होईल.

पहिली गोधडी एका साडीची करा. सहावारी साडी साडेपाच मीटरांच्या आसपास लांब असते आणि रुंदी ११५ सेंटिमीटर धरा. लांबीचे तीन भाग करून घडी घातली की १८० सेंटिमीटर लांब, ११५ सेंटिमीटर रुंद असं तीन पदरांचं पांघरूण मिळतं. सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसायला, मुलाच्या पलंगावर टाकायला नेमकं. नऊवारी असेल तर ती आठ मीटरांहून थोडी जास्त भरते. तिच्या चार घड्या घाला, दोन मीटरांची चौघडी होते.

आधी तयारी. साडीला फॉल असेल तर तो उसवून काढा. फॉलची पट्टी वेगळ्या कापडाची असते, ती वेगळी आटते आणि काठाजवळ सुई अडते. वरून शिवलेला जरीचा काठ टोचरा असेल तर तोही उसवून काढा, निव्वळ सुती काठ राहू द्या. साडी एकदा साध्या पाण्यात भिजवून खळ काढा, पांढरा ओला रुमाल घासून रंग लागतो का पाहा, वाळवा, इस्त्री करा. मग उलटी बाजू वर ठेवून जमिनीवर पसरा. पदर नसलेलं टोक आधी मधल्या भागावर आणा, त्यावर पदराकडचा भाग घ्या. असं केल्यानं दुसरं टोक आत झाकलं जातं, पदर वर दिमाखानं दिसतो आणि वरून-खालून दोन्हीकडे सुलटी बाजू येते. पदराची कड दोन बोटं आत दुमडा. लांबीच्या बाजूंना साडीचे काठच असतात, ते उसवत नाहीत, त्यामुळे तिन्ही पदरांचे काठ एकावर एक जुळवले की पुरे.

पसरायची जागा ही परदेशातली मोठी अडचण. गालिचा असेल तर त्यावर कच्चे टाके घालू नका, सुई गालिच्याला शिवून टाकते. लाकडी फरशी असेल तर चारी कडा कागदी चिकटपट्टीनं ताणून फरशीला लावा. गावी याच कामाला कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. फरशी नसेल तर जेवणाचं टेबल घ्या, एका वेळी टेबलाएवढाच भाग सपाट करा आणि कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. मग वीतभर अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकत्र बांधून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, एका शनिवारची दुपार त्यात जाते. पण ते टाळू नका. आपल्याकडे गोधडी कडेपासून मध्याकडे शिवत जातात, तर इंग्लंड-अमेरिकेतली हाताची क्विल्ट बहुतेक वेळा मध्यापासून कडेकडे. कडेपासून जाण्याचा फायदा असा की कडा पहिल्याच दिवशी पक्क्या होतात, मग गोधडी गुंडाळा, ओढा, खोलीतून खोलीत न्या, काही उसवत नाही. तोटा असा की पदरांमधला सगळा झोळ मध्याकडे ढकलला जातो आणि शेवटी तिथे फुगा येतो. कच्चे टाके नीट असतील तर तो येत नाही. आलाच तर बारीक चुणी घालून शिवून टाका.

आता खरं शिवणं. टाका एकच, धावदोरा. सुईवर चार-पाच टाके एकदम घ्यायचे आणि ओढायचं. टाका सगळ्या पदरांतून खाली उतरला पाहिजे, अधूनमधून उलटून पाहा. पहिली ओळ कडेपासून अर्ध्या बोटावर, पुढची ओळ तिच्यापासून अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर. खुणा करायला पेन्सिल नको, डाव्या हाताचा अंगठा आधीच्या ओळीला टेकवून चाला. कोपरा आला की वळा. अशा एकात एक चौकटी आत आत जात मध्याला एका रेषेत संपतात. दोरा हातभरापेक्षा फार लांब घेऊ नका, गुंततो. गाठ वर दिसू नये म्हणून सुई कडेकडून दोन पदरांच्या मधून आत घाला आणि गाठ हलकेच ओढून आत लपवा. सुई अडायला लागली की आज्या ती केसांतून फिरवायच्या, केसांच्या तेलानं ती पुन्हा सरसर चालायची. तुम्ही मेणाचा तुकडा जवळ ठेवा, दोरा त्यावरून ओढून घ्या.

दोरा परदेशात विकत घ्यावा लागेल आणि तो चांगला घ्या. हाताने क्विल्ट शिवायचा सुती दोरा मिळतो किंवा भरतकामाचा पर्ल कॉटन, आठ नंबरचा. अंगठ्याएवढ्या अंतराच्या ओळी धरल्या तर एका साडीच्या गोधडीत टाक्यांची एकूण लांबी ८३ मीटरांच्या आसपास होते. वरखाली जाण्यात आणि तोडातोडीत जास्त जातो, म्हणून आठ नंबरचे दहा ग्रॅमचे दोन गोळे आणा, एकात साधारण ८० मीटर असतो. दोऱ्याचा रंग साडीच्या रंगाशी जुळवत बसू नका. गडद साडीला फिकट दोरा, फिकटीला गडद. टाके दिसू देत, गोधडीचं रूप त्या टाक्यांतच आहे, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना स्वतःची ओळ दिसायलाही हवी.

वेळेचा हिशोब मांडून दाखवते, कारण वेळ नाही म्हणून थांबलेल्यांना तोच धीर देतो. सरावलेला हात मीटरभर धावदोरा चारेक मिनिटांत घालतो. सुटलेल्या हाताला सहा-सात मिनिटं धरा. ८३ मीटरांना नऊ तास, सुई ओवणं आणि कापड सारखं करणं धरून अकरा-बारा तास. रोज वीस मिनिटं बसलात तर पाच-सहा आठवड्यांत गोधडी पांघरायला तयार. वीस मिनिटं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंतचा वेळ, किंवा आईशी फोनवर बोलण्याचा. फोन स्पीकरवर ठेवून शिवलं की दोन्ही होतं आणि पलीकडून सूचनाही येतात. मुलं झोपल्यावर तासभर शिवीन असं ठरवलेलं बहुतेक वेळा घडत नाही, तेव्हा अंगात त्राण नसतं. दिवसातला ठरलेला छोटा तुकडा हाच टिकतो. त्यासाठी गोधडी कपाटात घडी करून ठेवू नका, बैठकीच्या खोलीत टोपलीत ठेवा, सुई शेवटच्या टाक्यात अडकवून नव्हे तर डबीत. घरात लहान मूल असेल तर सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या. गालिच्यात पडलेली सुई पायालाच सापडते, म्हणून एक लोहचुंबक शिवणाच्या डब्यात असूच द्या.

हंगाम मात्र उलटा धरावा लागेल. सणसवाडीत गोधडी उन्हाळ्यात शिवायची, कारण पावसाळी-हिवाळी रात्रींच्या आत ती तयार हवी. इथे ऑक्टोबर ते मार्च शिवा. मांडीवर पसरलेली गोधडी शिवणाऱ्यालाही ऊब देते, जुलैत तीच नकोशी होते. हिवाळ्यातली अडचण उजेडाची. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि ते आठ तास आपण कामावर असतो. म्हणून रंग निवडणं, कच्चे टाके घालणं, गडद कापडावर शिवणं ही कामं शनिवार-रविवारच्या भर दुपारी खिडकीशी करा. रोजच्या संध्याकाळच्या टाक्यांना वाकवता येणारा टेबलाचा दिवा हवा, उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी तो डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. मान दुखते ती गोधडी मांडीत खाली राहिल्यामुळे. पोटाशी एक उशी घ्या आणि कापड वर आणा.

उबेचं काय? तीन पदरांची सुती गोधडी हीटर चालू असलेल्या घरात पुरते. कडक थंडीत रात्री पांघरायची असेल तर आत भर घाला. जुनी फ्लॅनेलची चादर चांगली, पातळ लोकरी ब्लँकेट त्याहून चांगलं. आमच्या शिरूर-दौंडकडे थंडीला धनगरांची घोंगडी असायची आणि गोधडी तिच्या जोडीनं. लोकर आणि सूत एकत्र किती चालतात हे आपल्याला माहीत आहेच. क्विल्टिंगच्या दुकानात आत घालायचा तयार भर मिळतो त्याला बॅटिंग म्हणतात. हाताने शिवणार असाल तर निव्वळ कापसाचा किंवा लोकरीचा मागा, आणि त्यात मजबुतीसाठी जाळीचा थर घातलेला नाही ना हे विचारा. त्या जाळीतून सुई नेताना बोटं दुखतात. भर घालणार असाल तर साडीच्या मधल्या पदराच्या वर तो पसरा आणि पदराचा भाग त्यावर घ्या.

पण जुन्या गोधड्यांसारखे सहा-सात पदर घालू नका. याबद्दल माझ्या मावश्यांशी वाद होतो आणि मी हटत नाही. गावी ती जाड गोधडी नदीवर किंवा विहिरीवर न्यायची, दोघींनी पिळायची, कुंपणावर टाकली की वैशाखाच्या उन्हात दिवसभरात खडखडीत. इथल्या फ्लॅटमधल्या धुलाई यंत्रात कोरडी तीन किलोंची गोधडी ओली झाली की ड्रम डुगडुगायला लागतो, आणि हिवाळ्यात रेडिएटरवर ती तीन दिवस ओलसर राहून कुबट वास धरते. धुता येत नाही म्हणून वापरात नाही, अशी गोधडी काय कामाची? तीन किंवा चार पदर, त्याहून जास्त नको. धुताना ३० अंशांवर, हलक्या फिरकीवर, सौम्य साबण घालून धुवा. मोठी झालीच तर भाड्याच्या लाँड्रीतलं मोठं यंत्र घ्या. उन्हाळ्यातले चार चांगले दिवस गोधड्या धुण्यासाठी राखून ठेवा.

घरात बाळ येणार म्हणून दुपटं शिवायला घेणाऱ्या पुष्कळ असतात आणि सुरुवात म्हणून दुपटं उत्तमच. ९० सेंटिमीटरचा चौकोन, जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे दोन-तीन पदर, टाके जेमतेम तीस-पस्तीस मीटर. पण एक गोष्ट आज वेगळी करायची आहे. वर्षाखालच्या बाळाच्या पाळण्यात झोपताना सैल पांघरूण, उशी, गोधडी काहीही ठेवू नये, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा स्पष्ट सल्ला आहे, आणि ब्रिटनमधल्या आरोग्यसेविकाही झोपण्याची जागा मोकळी ठेवायला सांगतात. तोंडावर पांघरूण येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून दुपटं जमिनीवर पसरून त्यावर बाळाला खेळवायला, पालथं पडायला वापरा. झोपताना काढून घ्या. आजीनं प्रेमानं पाठवलेल्या दुपट्यालाही हाच नियम. ते तिला फोनवर नीट समजावून सांगा, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही.

एक साडी झाली की दुसरी गोधडी तुकड्यांची करावीशी वाटेल. मुलांचे सुती फ्रॉक, शर्ट, आईच्या ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे. तेव्हा सगळे तुकडे आधी जोडून वरचा पदर तयार करायचा, ही एक रीत. दुसरी रीत कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीची. खाली अख्खी साडी पसरतात, कडेपासून एकेक तुकडा दुमडून ठेवत जातात आणि ठेवता ठेवताच धावदोऱ्यानं सगळे पदर शिवत मध्याकडे जातात. जोडकाम आणि टाके एकदमच होतात. मोजमाप लागत नाही, मशीन लागत नाही. कोपऱ्यांवर कापडाची घडीची छोटी फुलं लावल्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. ही रीत आपल्या हाताला फार लवकर बसते. महाराष्ट्रातल्या गोधड्यांची मांडणी पाहायची असेल तर गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं सचित्र इंग्रजी पुस्तक मिळवून बघा, ग्रंथालयाला मागवायलाही सांगता येतं.

काही घरांत नवी शिवण्याआधी जुनीच दुरुस्त करायची असते. आजीनं दिलेली गोधडी सुटकेसमध्ये आहे, मधे विरली आहे आणि धुवायची भीती वाटते. विरलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं ठिगळ मऊ सुती कापडाचं घ्या. कडक नवं कापड घेतलंत तर ते आजूबाजूचं जुनं कापड फाडतं. कडा दुमडून ठिगळ टाचा आणि जुन्या ओळींच्या दिशेनंच सगळ्या पदरांतून धावदोरा घाला. पूर्ण गोधडीच विरली असेल तर तिच्यावर नवी साडी घालून सगळी पुन्हा शिवा. घराघरांतल्या जाड गोधड्यांत अशाच दोन-तीन पिढ्या आत असतात. आतली कुठली साडी कुणाची हे आई सांगू शकेल तोवर लिहून घ्या.

एकटीनं शिवायला कंटाळा येत असेल तर गावातला क्विल्टिंगचा गट शोधा. ब्रिटनमध्ये क्विल्टर्स गिल्ड १९७९ पासून आहे, तिच्याशी जोडलेले आणि न जोडलेले छोटे गट चर्चच्या हॉलमध्ये, ग्रंथालयात आठवड्याला भरतात. अमेरिकेतही गावोगावी आहेत, आणि नेब्रास्कातल्या लिंकन इथे १९९७ मध्ये विद्यापीठाच्या आधारानं सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय जगभरातल्या गोधड्या जमवतं. आपला धावदोरा नि जुनी साडी त्यांच्या नीटनेटक्या नमुन्यांपुढे नेताना संकोचू नका. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या विटलेल्या कपड्यांच्या क्विल्ट घरच्या पलंगांसाठी शिवल्या. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. तुम्ही गोधडी घेऊन गेलात तर लोक ती हातात घेऊन उलटसुलट बघतील आणि ही ओळ खुणांशिवाय सरळ कशी, हे विचारतील. अंगठा दाखवा.

मराठी मंडळातही हे करता येईल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, आणि बहुतेक शहरांत छोटं का होईना मंडळ असतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी प्रत्येकीनं एक सुती साडी आणायची आणि चार-चार जणींनी एकेका गोधडीच्या चार कडांना बसायचं. दोन तासांत कडा पूर्ण होतात. उरलेलं घरी फिरवत फिरवत शिवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्या नाकाच्या सुया ओवायला द्या, हे त्यांचंच काम आहे, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात. त्यांनी घातलेले टाके वाकडे आले तरी उसवू नका.

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन दुपारी यासाठी काढा. सणसवाडीसारख्या गावात आता कितीतरी बायका पाळ्यांमध्ये कंपनीत जातात, मराठवाड्यातून-विदर्भातून कामासाठी आलेली कुटुंबं दोन खोल्यांत राहतात, अंगणं उरलेली नाहीत. गोधडी शिवणारे हात तिथेही कमी झाले आहेत. मात्र प्रत्येक घरात एखादी आत्या, एखादी चुलती अजून शिवते. तिच्याकडून नुसतं ऐकू नका, शेजारी बसून शिवा. फोनवर चित्रण करायचं तर तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरू नका, ती लाजते आणि हात थांबवते. हातांवर धरा, डाव्या हाताखाली कापड कसं सरकतं ते नीट दिसू द्या. मग एक साडी घडी घालून तिच्यापुढे पसरा, कच्चे टाके तिच्याकडून घालून घ्या, पहिली कड आणि पहिला कोपरा तिला शिवू द्या. कात्री नि दाभण सामानाच्या बॅगेत टाका, आणि बाकीच्या ओळी इकडे येऊन शिवा.